अक्कानं औषध घेतलं

अक्का, तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. एवढ्या दिवसांत गावात तुझ्याबद्दल एकच वाक्य फिरतंय, 'महानंदानं औषध घेतलं.' पारावर तेच, पिठाच्या गिरणीत तेच, परवा निलंग्याच्या बसस्टँडवर दोन बायका बोलत होत्या, तर तिथंही तेच. आपल्याकडं याचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. औषध घेतलं म्हणजे फवारणीची बाटली तोंडाला लावली, जीव द्यायला. तू बाटली तोंडाला लावली नव्हतीस. हे कालपर्यंत फक्त मला माहीत होतं. आणि ते वाक्य पहिल्यांदा ज्याच्या तोंडून गेलं, तोही मीच.

म्हणून मला एका जागी बसवत नाही. दुकान उघडतो, शटर अर्धं ओढतो, परत वर करतो. गिऱ्हाईक काहीतरी मागतं आणि मी दुसरंच काढून देतो. तुझी भावजय म्हणते, चार दिवस कुठंतरी जाऊन या. कुठं जाऊ? जिथं जाईन तिथं तुरीचीच रानं आहेत.

तुझं-माझं भांडण या एका शब्दावरूनच होतं ना! मी वीस वर्षं बी, खत आणि औषध विकतोय, आणि तू माझी सख्खी मोठी बहीण असून कधी औषध म्हणाली नाहीस. तू 'इख' म्हणायचीस. सरळ विष. तेही दुकानात, भर गिऱ्हाइकांत.

"तम्मा, ही लोकं इख मागायचं सोडून अवशद का मागायलेत रं?"

"अक्का, हळू बोल. गिऱ्हाइकं हायती."

"हळू कशाला? मला सांग, आजारी कोन हाय? तूर का अळी?"

"तूर."

"मंग अवशद तुरीला देतूस आन् मरायलीय अळी? असला कसला डाक्टर तू!"

बाकावर बसलेला म्हातारा हसता हसता खोकायला लागला होता. मला तुझा इतका राग आला की तुला चहाही विचारला नाही. तू मात्र स्वतःच पलीकडच्या हॉटेलात सांगून आलीस, दोन कप. एक माझ्यापुढं ठेवलास आणि म्हणालीस, "पी, हे इख न्हाई."

आणि त्या होल्या पाखरांचं? पेरणी होऊन आठ दिवस झाले होते. तू पिशवी घेऊन आलीस आणि काउंटरवर चार मेलेले होले ओळीनं मांडलेस. शेजारच्या रानात औषध चोळून पेरलेलं बी उघडं पडलं होतं, ते त्यांनी टिपलं असणार. "ह्यास्नी कोन्तं अवशद देतूस? चिठ्ठीवर लिहून दे." मी पेपरात गुंडाळून ते मागच्या उकिरड्यावर टाकायला लावले आणि म्हणालो, एवढं-तेवढं होतंच. तू काही बोलली नाहीस. तू बोलली नाहीस की मला जिंकल्यासारखं वाटायचं. केवढा मूर्ख होतो मी.

पण अक्का, माझंही काही खरं होतं की नाही? मी तुला विचारायचो, सगळ्यांनी फवारणी सोडली तर लोक खातील काय? तुझं उत्तर ठरलेलं, "उरलं ते." हे काय उत्तर झालं? पाच एकराच्या बाईला परवडतं असं बोलणं. ज्याची पन्नास एकर तूर अळीच्या तोंडात आहे त्यानं काय करायचं? हे मला तुझ्याशी अजून भांडायचंय. तू ऐकायला नाहीस, म्हणून मी जिंकलो असं होत नाही.

तुझी रीतच वेगळी. दाजी गेल्यावर शेत बटईनं, वाट्यानं दुसऱ्याला देशील असं सगळ्यांना वाटलं होतं. तू स्वतः उभी राहिलीस. तुरीत काठ्या रोवून त्यांना आडव्या काड्या बांधायचीस, पाखरांना बसायला. पाखरं त्यावर बसून अळ्या टिपायची आणि तू म्हणायचीस, ही माझी फवारणीवाली मंडळी, ह्यांना पंप लागत नाही. तूर फुलोऱ्यात आली की बायका घेऊन निघायचीस. झाडांखाली जुनी लुगडी पसरायची, झाडं गदागदा हलवायची. अळ्या टपाटप खाली पडायच्या. लुगड्यातून सगळ्या घरच्या कोंबड्यांपुढं. आपल्या आईनं शिकवलेलं हे काम. मी लहानपणी लुगड्याचं एक टोक धरायचो आणि एखादी अळी हातावर पडली की बोंबलायचो. आता त्या कामाला बाई मिळत नाही, मिळाली तर तिला तूर हलवायची माहीत नसते. तुझ्या विहिरीवरच्या लिंबाला दर साली मोहोळ असायचं. फुलोऱ्याच्या दिवसांत रानात गेलं की कानाशी सतत गुणगुण. दोन वर्षांपूर्वी तू मला तिथं मुद्दाम उभं केलंस. "आईक," म्हणालीस. मी म्हणालो, काही ऐकू येत नाही. तू म्हणालीस, "तेच."

यंदा मात्र तू हरलीस. आभाळ आठ-आठ दिवस झाकलेलं, अळी आडवी-तिडवी वाढलेली, तूर हलवायला एक बाई मिळेना. त्या दिवशी सकाळी तू दुकानात आलीस ती भांडायला नाही. थकून बाकावर बसलीस. मी म्हणालो, अक्का, हट्ट सोड, यंदा हलवून भागायचं न्हाई. एकदाच मार. आणि दोन बाटल्या तुझ्यापुढं ठेवल्या. दोन्ही मिसळून मार, एका पाण्यात, एकाच फवारणीत काम होतंय. हे वाक्य मी दिवसातून दहादा बोलतो. बाटलीसोबतच्या घडीच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं, दुसऱ्या कशात मिसळू नये. ते कुणी वाचत नाही. मी वाचलंय.

तू बाटली फिरवून बघितलीस. "इख हाय ते ठाव हाय मला. पन हे लाल तिकोन कशाला रं?"

"कंपनीचा मार्का हाय."

अक्का, तो कंपनीचा मार्का नव्हता. लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल. तुला भीती वाटू नये म्हणून तसं म्हणालो, असं मी मनाला समजावत आलोय. तेही निम्मंच खरं. निम्मं असं, की बाई एकदाची तयार झालीय, आता परत वादाला तोंड नको. वीस वर्षांत तू पहिल्यांदा माझं ऐकलंस, आणि मला आनंद झाला होता. हेही लिहायलाच पाहिजे. आनंद झाला होता.

फवारणीचा गडी आला नाही म्हणून पंप तू स्वतः पाठीवर घेतलास. दुपारी तुझा फोन आला. "तम्मा, गरगरायलंय मला. पंप मागून गळायलाय, पाठ सगळी वली झालीय."

मी काय म्हणालो ते तुला माहीत आहे. सावलीला बस, ताक पी, गिऱ्हाईक हाय, अर्ध्या तासात येतो.

मी शिबिर केलेला माणूस आहे. औषध अंगावर सांडलं तर ओले कपडे आधी उतरवायचे, साबणानं अंग धुवायचं आणि बाटली घेऊन दवाखान्यात पळायचं, हे मला चहा-बिस्किटं देऊन शिकवलंय. त्याचं सर्टिफिकेट काचेत घालून गल्ल्याच्या वर लावलंय. यातलं एक वाक्य मी तुला फोनवर सांगितलं नाही. ताक पी म्हणालो.

आलो तेव्हा तू बांधावर आडवी होतीस. तोंडातून लाळ, उलटी झालेली, अंग घामानं चिंब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. शेजारी उघडी बाटली, पलीकडं पंप. मी पंप उचलून जनावरांच्या कोठ्यात नेऊन ठेवला. तुला उचलायच्या आधी. का? वीस वेळा विचारलं मी स्वतःला. सवयीनं असेल, सामान उघड्यावर टाकायची आपली पद्धत नाही. किंवा सवयीनं नसेल. मग तुला जीपमध्ये घातलं. दवाखान्यात नेताना रस्त्यात कुणी भेटलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर पोरगाच होता. "काय झालं?"

"औषध..."

"घेतलं का?"

"हो, घेतलं. माझ्याच दुकानातनं."

"किती?"

"दोन बाटल्या."

"कधी?"

"आज सकाळी."

त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि नर्सला ओरडून सांगितलं, नळी आणा. अक्का, तुला खरंच सांगतो, दुकानदाराच्या जिभेवर 'घेतलं'चा एकच अर्थ बसलेला असतो. दिवसभर तेच तर चालतं. काय घेतलं, किती घेतलं, कधी घेतलं. मी तुझी खरेदी सांगत होतो. तो तुझं मरण लिहून घेत होता. तुझं पोट धुतलं. पाठीवरचा ओला पदर आणि पोलकं उलटीनं भिजलंय असं सगळ्यांनी धरलं. पोटात काही नव्हतंच, जे होतं ते कातडीतून आत चाललं होतं.

तिथून लातूरच्या मोठ्या दवाखान्यात नेताना औशाच्या पुढं तू डोळे उघडलेस. ॲम्ब्युलन्सच्या आवाजात नीट ऐकू येत नव्हतं. मी वाकलो. "पाठ," म्हणालीस. परत एकदा, "तम्मा, पाठ." मला वाटलं, पाठ दुखतेय. मी हात घालून चोळत राहिलो. माझा तळहात लातूर येईपर्यंत चुरचुरत होता, तरी माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही. लहानपणी ओढ्याला पाणी असलं की तू मला त्याच पाठीवर घेऊन शाळेकडं न्यायचीस, दप्तर स्वतःच्या डोक्यावर ठेवून. मी वरून टाचा मारायचो, घोडा समजून. तू एकदाही खाली टाकलं नाहीस.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी कपडे कापून काढले, अंग धुवायला लावलं. पाठीला हात लावून माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, हे प्यालेलं दिसत नाही हो. मला त्याचा अर्थ लागायच्या आत त्यांना दुसरीकडं बोलावणं आलं. आधी अंग धुतलं असतं तर वाचली असती का, हे मी नंतर विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. सांगता येत नाही, यावर माणसानं काय करायचं असतं, अक्का?

दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. हवालदार कागद घेऊन आला, वाचून दाखवलं, विषारी औषध प्राशन केल्याने. तेव्हा मला कळलं की मी काय बोलून बसलोय. तोंड उघडलं आणि मिटलं. कारण त्याच क्षणी हेही कळलं की तू स्वतः प्याली असशील तर माझ्याकडं कुणी बोट दाखवणार नाही. बाटली मी दिली, मिसळ म्हणालो, मार्का म्हणालो, पंप लपवला, यातलं काही निघणार नाही. हायसं वाटलं मला. सख्ख्या बहिणीच्या उशाशी उभं राहून हायसं वाटलं. मी सही केली.

तुझ्याच मळ्यात, आपल्या लिंगायत रितीनं, तुला समाधीत बसवलं. कपाळाला विभूती लावली, बेल वाहिला, तळहातावर लिंग ठेवलं. तुझ्या बोटांची कातडी पांढरी पडून सुटली होती, काडीनं ढवळायचं सोडून तू औषध हातानंच ढवळलं असणार. मी ती बोटं मिटवली. मागं कुणीतरी कुजबुजलं, "येवढी देवाधर्माची बाई, असं करंल वाटलं न्हवतं." मला वळून सांगता आलं असतं. मी माती लोटत राहिलो.

इथवर मी खपवून घेतलं असतं. मी स्वतःला ओळखतो. वर्षभरात लोक विसरले असते आणि मीही कसाबसा विसरायला शिकलो असतो. पण तुझी शिवानी.

पुण्याहून आली तेव्हापासून ती रडलीच नाही. पाचव्या दिवशी ती माझ्याजवळ येऊन बसली. "मामा, आदल्या दिवशी मी आईला फोनवर लई बोलले. पुण्याला चल म्हणत होते, ती ऐकेना. मी म्हणले, मग मर तिथंच मातीत." एवढं बोलून ती माझ्याकडं बघत राहिली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, तसं काही नसतं बाळ. तसं काही नसतं! केवढं सोपं वाक्य. बाजूला ठेवलेलं खरं वाक्य, ती प्याली नाही, त्याहून छोटं होतं.

ती पुण्याला परत गेली. परवा तिचा फोन आला. आवाज एकदम शांत. "मामा, एकच विचारते. बाटली उघडताना तिनं माझं नाव घेतलं असंल का?"

मी फोन कट केला. रेंज गेली असं नंतर कळवलं. आणि दुकानाच्या मागं जाऊन, जिथं तुझे होले टाकले होते तिथं उभा राहून ओकलो.

काल ठाण्यात गेलो. हवालदार तोच. म्हणालो, जबाब बदलायचाय. तो वैतागला. "मालक, आता बदलून काय फायदा? गेलेलं मानूस येनार हाय का?"

"तिनं औषध घेतलं न्हवतं. फवारताना अंगावर सांडलं."

"मग तवा का म्हनलाव घेतलं म्हनून?"

"विकत घेतलं, असं म्हणालो मी."

पेन टेकवून त्यानं माझ्याकडं बघितलं. मी वेड्यासारखा बोलतोय का दारू पिऊन आलोय, हे ताडत असावा. मग म्हणाला, "मंग दिलं कुनी?"

"मी. दोन्ही मिसळून मार म्हणालो. मिसळायचं नसतं, मला माहीत होतं. पंपही मीच उचलून ठेवला."

"लिहू का असं?"

"लिहा."

त्यानं लिहिलं. साहेब येतील, परत बोलावतील, दुकान तपासायला माणसं येतील. येऊ देत. दुकान ठेवायचं की बंद करायचं हे मला अजून ठरवता येत नाही, अक्का, तुझ्याशी खोटं कशाला बोलू. आज सकाळीच एक जण तुरीवरची अळी घेऊन आला होता, काड्यापेटीत घालून. काय मारू म्हणाला. मी सांगितलं, लुगडं पसर आणि झाड हलव. तो हसला आणि समोरच्या दुकानात गेला. तिथं त्याला मिळालं असणार.

दुपारी शिवानीला फोन लावला. सगळं सांगितलं, आधीपासून. लाल त्रिकोण, पंपाची गळती, ताक, गिऱ्हाईक, दवाखान्यातलं बोलणं, सही. काही वगळलं नाही. तुझा शेवटचा शब्द सांगितला, तेव्हा तिकडून पहिल्यांदा रडण्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "सतरा दिवस, मामा?"

मी म्हणालो, "हो."

"सतरा दिवस मी तिला मारलं असं समजत होते. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवला होता." मग आवाज चढला, तुझ्यासारखाच. "परत मला फोन करू नका. तुमचं तोंड बघायचं न्हाई मला."

तिनं फोन ठेवला. पोरगी चिडली, अक्का. माझ्यावर चिडली. इतके दिवस ती स्वतःवरच चिडून आतल्या आत जळत होती.

तुझा स्वभाव मला माहीत आहे. तू असतीस तर संध्याकाळपर्यंत तिची समजूत काढली असतीस, मामा हाय गं तुझा, चुकलं त्याचं, असं काहीतरी म्हणून. या वेळेला मध्ये पडू नकोस. तिला माझ्यावर चिडू दे.